सेतुरावांचा प्रश्न

“तुम्हांस बेरीज येते काय?”

ओळख ना पाळख, आणि पहिल्याच भेटीत एखाद्या बाईला कुणी हे विचारावं? कुंभकोणमला बिऱ्हाड लावून मला जेमतेम आठवडा झाला होता. यजमान टेलिफोन खात्यात, त्यांची बदली झाली म्हणून मी सांगलीहून इथे आलेली. तमिळ एक अक्षर येत नव्हतं. दूधवाल्याशी हातवारे करून करून जीव विटला होता. अशात दारात एक म्हातारे गृहस्थ उभे. पंचा, अंगवस्त्र, कपाळावर काळी उभी रेघ, दंडावर गोपीचंदनाच्या मुद्रा आणि काखेत छत्री. आणि ते बोलले ते चक्क मराठी! तेही असं, की जुन्या पोथीतलं एखादं पान उठून दारात आलंय.

मी गणितात एम.एस्सी. होते. बेरीज येते का म्हटल्यावर मला रागच आला. “येते की,” मी म्हटलं, “तुम्हाला शंका आहे का?”

“तसें नव्हे. पुष्कळ जण येते म्हणतात. पाहूं गेल्यास येत नाही,” ते शांतपणे म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून पुढे म्हणाले, “आमचें मराठी ऐकून हांसूं नका, बाई. तीनशें वर्षें जाहलीं आम्ही इकडे येऊन. तिकडून कोणी एक पत्र लिहिलें नाही.”

हे सेतुराव. कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत जन्मभर सहायक होते आणि आता निवृत्त. गावातल्या रायफल क्लबाचं सगळं तेच बघत. क्लबाचे अध्यक्ष एक मिरासदार होते, पण ते फक्त समारंभाला यायचे. सेतुरावांना गुण मांडायला माणूस हवा होता. आधीचा मांडणारा मित्रांच्या गुणांना हात सैल सोडायचा, म्हणून त्याला त्यांनी घालवलं होतं. नव्या बाई मराठी आहेत आणि गणित शिकलेल्या आहेत एवढं त्यांच्या कानावर आलं, आणि ते छत्री घेऊन निघाले. बाईमाणसाला बंदुकांच्या मैदानावर न्यायचं, याचं त्यांना काहीच वाटलं नाही. मला मात्र वाटलं. पण दूधवाल्यापेक्षा बंदुका बऱ्या, असं म्हणून मी गेले.

चांदमारीचं मैदान इन्नंबूरच्या वाटेवर होतं. मैदान म्हणजे मातीचा एक उंच बांध, त्याच्यापुढे पत्र्याची एक शेड आणि बाजूला भाताची शेतं. क्लबाकडे बंदुका तीनच. एक हवेची, एक छोट्या बोरची रायफल आणि एक बारा बोरची दुनळी. काडतुसं सरकारी कोट्यातून मिळायची, ती जपून वापरायची. या तीन बंदुकांवर सेतुरावांनी एक सामना बसवला होता. दरवर्षी पोंगल झाला, भात कापून झालं, की शेत मोकळं व्हायचं आणि हा सामना व्हायचा. आधी हवेच्या बंदुकीने कागदावर, मग रायफलीने लांबच्या कागदावर आणि शेवटी दुनळीने उडत्या बशांवर. तिन्हींची बेरीज जास्त तो जिंकला. बंदुका सगळ्यांना त्याच. मिरासदारांचा मुलगा असो की पितळेच्या भट्टीवरचा कामगार असो, दुनळीचा धक्का दोघांच्या खांद्याला सारखाच बसायचा.

उडवायच्या बशा कारखान्यातून आणायची ऐपत नव्हती. सुंदरपेरुमाळ कोयिल गावाच्या अलीकडे एक कुंभार होता, तो मातीच्या पातळ बशा भाजून द्यायचा. त्यातली एखादी जास्त भाजली जायची. तिला छर्रा लागला तरी ती फुटायची नाही. भोक पाडून छर्रा पार जायचा आणि बशी आपली अलगद कापलेल्या भातात जाऊन पडायची. मग नेम लागला की नाही, हे लांबून कुणी सांगायचं?

यावर सेतुरावांनी एक रीत घातली होती आणि माझ्या मते सगळे सेतुराव त्या रीतीत होते. बशी फुटली नाही, तर ते बार मारणाऱ्याकडे वळायचे आणि तमिळमध्ये विचारायचे, “पट्टुदा?” म्हणजे, लागली का? तो म्हणेल ते खरं. लागली म्हणाला, तर सेतुराव स्वतः शेतात जायचे, बशी उचलायचे, भोक बघायचे आणि लाल निशाण वर करायचे. नाही म्हणाला, तर बशी कुणी बघतही नसे. कागदावरच्या नेमाचंही तेच. कागद आणायच्या आधी गोळी कुठे गेली ते सांगायचं. सेतुराव वहीत एका बाजूला सांगितलेलं लिहायचे आणि दुसऱ्या बाजूला कागदावर असेल ते. स्पर्धेचे गुण मी मांडायचे. ही वही त्यांची स्वतःची होती.

“बार सुटतांना हातास कळतें,” ते म्हणायचे. “कळलेलें तोंडानें सांगावयास शिकणें, इतकेंच आम्ही येथें शिकवितों. नेम काय, माकडही शिकेल.”

माकडांवरून आठवलं. आमच्या गल्लीत माकडांनी उच्छाद मांडला होता. गच्चीवर वाळत घातलेले वडाम, म्हणजे आपल्या कुरडयाच, एक दिवस टिकेनात. गल्लीतल्या बायका सेतुरावांच्या घरी गेल्या. बंदुकीवाला माणूस शेजारी असून उपयोग काय, म्हणाल्या. सेतुराव मुकाट्याने हवेची बंदूक घेऊन गच्चीवर बसले. दुपारभर बसले. एकेका माकडावर नेम धरायचे, श्वास रोखायचे आणि हळूच म्हणायचे, “लागली.” छर्रा भरलेलाच नव्हता. संध्याकाळी खाली आले आणि म्हणाले, “सात मेलीं.”

“अहो, तिकडे वडाम खातायत ती!” मी म्हटलं.

“तीं मेलीं, हें त्यांस अजून ठावें नाही,” म्हणून ते संध्या करायला गेले. या माणसाने पन्नास वर्षं बंदूक हाताळली आणि एक चिमणी मारली नाही. एकादशीला मैदान बंद असायचं. लोकांना वाटायचं हे सोवळं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “उपाशी हात कांपतो, बाई.”

बार थांबवायचा हुकूम ते मराठीत द्यायचे, “पुरे!” मैदानावरच्या सगळ्या तमिळ माणसांना हा बंदुकीच्या शास्त्रातला शब्द वाटायचा. एकदा तर पोलिसांच्या चांदमारीला गेलेला आमचा एक सभासद तिथे मोठ्याने “पुरे” म्हणून ओरडून आला होता.

आमच्याकडे सगळ्यात चांगला नेम अन्बुचा. पितळेची भांडी ओतणाऱ्या भट्टीवर तो कामाला होता. काळासावळा, अंगाने बारीक, बोलायला कमी. हवेच्या बंदुकीवर तो नववं वर्तुळ म्हणाला, की कागदावर नववंच असायचं. सेतुरावांच्या वहीतली त्याची दोन्ही पानं इतकी सारखी होती, की एकदा मी म्हटलं, याचं एकच पान लिहीत जा, कागद वाचेल. सेतुरावांना हे बोलणं फार आवडलं. महिनाभर ते येईल त्याला सांगत होते. स्वतःच्या मुलीचं कौतुकसुद्धा त्यांनी कधी इतकं केलं नसेल.

पण स्टीलची भांडी आली आणि पितळेच्या भट्ट्या एकेक करून विझायला लागल्या. अन्बुला दोन मुलं. आठवड्यातले तीन दिवस काम मिळायचं, पुढे दोन. भट्टीच्या धुराने खोकला लागला होता. बार मारायच्या आधी तो खोकून घ्यायचा, मग बंदूक खांद्याला लावायचा.

नव्वद साल उलटलं आणि वारं फिरलं. बाहेरचा माल यायला लागला, जाहिराती वाढल्या. कोइमतूरच्या एका पंप कंपनीला आमच्या सामन्याची खबर लागली. शेतकरी जमतात, शेतात होतो, पंप विकायला याहून बरी जागा कुठली? कंपनीचा मॅनेजर आला, तरतरीत आणि गोड बोलणारा. त्याला तीन बंदुकांची कल्पना भलतीच आवडली. फक्त तो म्हणाला, हे फार सावकाश चालतं. माणूस विचार करताना बघायला लोक येत नाहीत, फुटताना बघायला येतात.

दोन वर्षांत सामना ओळखू येईना. घड्याळ आलं. तिन्ही बंदुका एका दमात, धावत एका टेबलावरून दुसऱ्यावर जायचं, जो लवकर संपवेल त्याला जास्त गुण. ज्याची त्याने बंदूक आणायची. मद्रासहून, कोइमतूरहून परदेशी बंदुका घेऊन माणसं यायला लागली. कारखान्याच्या नारिंगी चकत्या आल्या, लागलं की धूर होऊन उडायच्या. कापडी फलक, कर्णे, बांधावर पंपाचं चित्र. नियमांची छापील पुस्तिका निघाली आणि तिच्यात हुकमांच्या यादीत इंग्रजी अक्षरांत “पुरे” होतं.

मी चिडायचे. सेतुराव चिडायचे नाहीत. खोटं कशाला सांगू, कंपनीने पुष्कळ बरंही केलं. शेडला नवे पत्रे आले. काडतुसांची टंचाई संपली. बायकांचा वेगळा गट झाला, तोवर कुणाच्या मनातही ते आलं नव्हतं. कानावर लावायचे मोठे गोल कानबंद मिळाले, ते तर सेतुरावांना इतके आवडले की घरी जेवतानाही ते लावून बसायचे. “बायको काय सांगते तें ऐकूं येत नाही. मोठा शोध आहे,” म्हणायचे. कंपनीच्या सगळ्या अटी त्यांनी मान्य केल्या. बंदुका सोडल्या, बशा सोडल्या, घड्याळ घेतलं. हट्ट एकच धरला. त्यांचा प्रश्न राहिला पाहिजे. चकती फुटली नाही, तर ते विचारणार.

मॅनेजर हसला. “या चकत्या लागल्या की फुटतातच. विचारायची वेळ कशी येणार?”

“न येवो,” सेतुराव म्हणाले.

त्या वर्षी पहिल्यांदा मोठं बक्षीस लागलं. जिंकणाऱ्याला नवी कोरी स्कूटर आणि कंपनीच्या कुंभकोणमच्या डेपोत नोकरी. स्कूटर फुलांचे हार घालून बार मारायच्या जागेपासून दहा पावलांवर उभी केली होती. फोटोत यावी म्हणून.

क्लबाची जुनी दुनळी घेऊन अन्बु उतरला. समोर मद्रासचा एक तरुण, त्याच्या हातात इटालियन बंदूक, उंच आणि सभ्य मुलगा. तीन फेऱ्यांनंतर दोघांचे गुण सारखे. मी दोनदा बेरीज केली. पाच-पाच चकत्यांवर निकाल लावायचं ठरलं आणि तेव्हा ध्यानात आलं की नारिंगी चकत्या संपल्या आहेत! बरोबरी होईल, हे कंपनीत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मॅनेजरची धावाधाव झाली. शेडच्या मागे आमच्या जुन्या मातीच्या बशा एका पोत्यात पडून होत्या. सेतुराव म्हणाले, त्या घ्या, मात्र मला बघू द्या.

जुन्या बशा ते नेहमी एकेक उन्हाला धरून बघायचे. आधीच्या सामन्यातलं भोक असेल ती बाजूला टाकायचे. या कामाला ते अख्खी सकाळ घ्यायचे. त्या दिवशी ऊन उतरलं होतं, कर्ण्यावरचा माणूस दोन मिनिटं, दोन मिनिटं म्हणून ओरडत होता आणि गर्दी शिट्ट्या मारत होती. सेतुरावांनी घाईघाईत दहा बशा निवडल्या. इतकी वर्षं त्यांना घाई करताना मी पाहिलं नव्हतं.

मद्रासच्या मुलाच्या पाचांतल्या चार फुटल्या. अन्बुच्याही पहिल्या चारांतल्या चार. शेवटची बशी उडाली, अन्बुने बार काढला. बशी तशीच गेली आणि अलगद भातात पडली.

कर्णा गप्प झाला. सेतुराव अन्बुकडे वळले. कानबंद काढून हातात घेतले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, “पट्टुदा?”

अन्बुने उत्तर द्यायला कधी वेळ लावला नव्हता. आज त्याने लावला. त्याची नजर एकदा त्या हार घातलेल्या गाडीवर गेली. मी ती बघितली. मग खाली बघत तो म्हणाला, “लागली, सार.”

सेतुराव शेतात गेले. बशी उचलली. उलटी केली, सुलटी केली. बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. मग लाल निशाण वर केलं.

काय गदारोळ झाला! फोटो, हार, पंपाच्या घोषणा. सेतुरावांनी बशी आणून माझ्या टेबलावर ठेवली. तिच्यात भोक होतं, खरंच होतं. पण ताज्या भोकाची कड विटेसारखी लाल दिसते. या भोकाच्या कडेला वाळलेली काळी माती होती, गेल्या कुठल्या तरी पोंगलची. मी मान वर केली. ते माझ्याकडे बघत नव्हते.

“लिहा, बाई. एक,” ते म्हणाले.

मी लिहिला. माझ्या हाताने मी लिहिलेला खोटा आकडा तो एवढाच. आज इतक्या वर्षांनीही तो मला बोचतो.

पुढच्या वर्षी कानाचं निमित्त सांगून सेतुराव मैदानातून बाजूला झाले. त्यांची वहीही बंद झाली. आम्ही दोघं त्या गोष्टीबद्दल कधी बोललो नाही. मी गल्लीत भेटले की ते मरुदानल्लूरच्या मठातल्या भजनाबद्दल बोलायचे, हवेबद्दल बोलायचे. त्यांचा राग मला आला होता, हे कबूल करते. आयुष्यभर दुसऱ्याला तोंडाने खरं सांगायला शिकवलं, आणि शेवटी स्वतः काय केलं? असं मला वाटायचं. आणि लगेच अन्बुची मुलं डेपोच्या दारात बापाची वाट बघत उभी दिसायची आणि राग कुठे ठेवावा ते कळायचं नाही.

दोन वर्षांनी आमची बदली झाली. सामान रेल्वेला दिलं आणि मी सेतुरावांचा निरोप घ्यायला गेले. त्यांच्या पत्नीने कॉफी आणून दिली. आम्ही ओसरीवर बसलो असताना अन्बु स्कूटरवरून आला. डेपोतला इस्त्रीचा शर्ट, खोकला गेलेला, अंगावर थोडं मांस चढलेलं. तो खाली पायरीवरच उभा राहिला. सेतुराव त्याच्याशी तमिळमध्ये बोलत. एव्हाना मला ते सगळं कळत होतं.

“सार, कंपनीने या वर्षीपासून मला मुख्य पंच केलंय,” तो म्हणाला. “तुमच्या जागी.”

“बरं झालं,” सेतुराव म्हणाले.

“मी नाही म्हणणार आहे.” तो थांबला. मला बघून थांबला असेल असं वाटून मी उठायला लागले, तर तो म्हणाला, “बसा अम्मा, तुम्हीही ऐका. सार, ती बशी लागली नव्हती. बार सुटतानाच हाताला कळलं होतं. मी खोटं बोललो. भोक कसं निघालं ते देवाला ठाऊक.”

“भोक जुनं होतं,” सेतुराव म्हणाले.

अन्बुचा चेहरा मला बघवेना. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“हातात घेतल्याबरोबर.”

“मग निशाण का वर केलंत, सार?” तो जवळजवळ रडत होता. “तिथेच माझं थोबाड फोडायचं होतं!”

सेतुरावांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “इतकी वर्षं मी तो प्रश्न रिकाम्या शेतात विचारत होतो, अन्बु. खरं बोलून कुणाचं काही जात नव्हतं. मला वाटायचं, मी माणसं घडवली. त्या दिवशी पहिल्यांदा तो प्रश्न खरा विचारला गेला. तुला विचारला आणि शेतात जाऊन बशी उचलली तेव्हा मलाही विचारला. तू चुकलास, मीही चुकलो. तुझ्याकडे निदान दोन मुलं होती. मी फक्त माझा अन्बु खोटा ठरू नये म्हणून निशाण वर केलं.”

अन्बु पायरीवर बसला आणि खरंच रडायला लागला. मलाही रडू आलं. सेतुरावांना नाही आलं. ते आत गेले, अंगवस्त्र नीट घेऊन बाहेर आले.

“डेपोत जाऊन सांगतो मी सगळं,” अन्बु डोळे पुसत म्हणाला. “गाडी तिथेच ठेवतो. नोकरीचं काय होईल ते होवो.”

“एकट्याने नाही,” सेतुराव म्हणाले. “खोटं दोघांनी केलंय.” मग माझ्याकडे वळून त्यांच्या त्या मराठीत म्हणाले, “बाई, तुमची गाडी चुकेल. आतां जा. मद्रासच्या त्या मुलास पत्र लिहावयाचें आहे, तें मीच लिहीन. बेरीज तुमची बरोबर होती. चूक आमची होती.”

मी त्यांना वाकून नमस्कार केला.

पुढे काय झालं ते त्यांच्या मुलीच्या पत्रातून कळलं. मॅनेजर मोकळेपणाने हसला म्हणे. फोटो छापून झाले, पंप विकून झाले, ही गोष्ट आता बाहेर काढून कुणाचं भलं? गाडी परत घ्यायला त्याने साफ नकार दिला. अन्बुची नोकरी राहिली, पंच मात्र तो झाला नाही. मद्रासच्या मुलाचं दोन ओळींचं उत्तर आलं. ते सेतुरावांनी कुणाला दाखवलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. मला सेतुराव शेवटचे दिसले ते त्या दुपारी, मी रिक्षात बसून स्टेशनकडे निघाले तेव्हा. कोपऱ्यावर अन्बुची स्कूटर माझ्या रिक्षाला मागे टाकून डेपोच्या वाटेने पुढे गेली. मागे सेतुराव, पंचा सावरत, बायका बसतात तसे एका बाजूला पाय सोडून, एक हात अन्बुच्या खांद्यावर. दोन वर्षांत अन्बुने त्यांना कितीदा तरी विचारलं होतं, सार, बसा, बाजारात सोडतो, देवळात सोडतो. भर उन्हात चालत गेले, पण ते त्या गाडीवर कधी बसले नव्हते.